पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास

गेल्या दिवाळीनंतर गावाहून पुतणीचे एक जाड पाकीट आले. दादा जाऊन आता चार वर्षे झाली. त्याची पत्र्याची ट्रंक इतके दिवस कोणी उघडली नव्हती. ती उपसताना तिला खालच्या आगराच्या खरेदीखताची नक्कल सापडली. नकलेला टाचणीने दोन कागद टोचलेले होते, एक तार आणि एक निळे आंतर्देशीय पत्र. टाचणी गंजून तिचा तांबूस डाग तिन्ही कागदांवर उमटला होता. पुतणीने चिठ्ठीत लिहिले होते, 'काका, हे तुमचं अक्षर दिसतंय म्हणून पाठवते. मी वाचलेलं नाही.'

अक्षर माझेच होते. तार आणि पत्र, दोन्ही मी १९८५ च्या जुलैत मिनिकॉय बेटावरून पाठवलेली. ज्या पत्राला ती उत्तरे होती ते दादाचे पत्र माझ्याकडे जपून ठेवलेले आहे. मी उठून ते काढले. एका व्यवहाराची दोन अर्धुके चाळीस वर्षांनी माझ्या टेबलावर शेजारी शेजारी आली. बँकेच्या भाषेत बोलायचे तर 'एन्ट्री' जुळली!

मिनिकॉयला मी कसा पोचलो ते थोडक्यात सांगतो. आमच्या बँकेत त्या काळी एक अलिखित नियम होता. अवघड जागी दोन वर्षे काढली, की पुढची बदली मागून घेता येई. मला पुढेमागे रत्नागिरीकडे यायचे होते, म्हणून मी हो म्हटले. लक्षद्वीप हे नाव नकाशात पाहिले होते. त्यातले सर्वांत दक्षिणेचे बेट आपल्या वाट्याला येईल हे मात्र ध्यानीमनी नव्हते. कोचीपासून सुमारे ४०० किलोमीटर. सर्वांत जवळचे शेजारी बेट कल्पेनी, तेही उत्तरेला २०० किलोमीटरवर. मालदीव त्याहून जवळ. लोकांची भाषा महल. ती मालदीवच्या धिवेहीची बहीण, लिपी उजवीकडून डावीकडे जाणारी. तेथले लोक आपल्या बेटाला मलिकू म्हणतात. दहा-एक किलोमीटर लांब, चंद्रकोरीसारखे वाकलेले, नारळांनी भरलेले आणि रुंदी अशी, की शाखेचे दार उघडे ठेवले तर दोन्ही बाजूंच्या समुद्रांचे आवाज वेगवेगळे ऐकू यावेत. दक्षिणेच्या अंगाला इंग्रजांनी १८८५ साली बांधलेला उंच पांढरा दीपस्तंभ.

विमानतळ तेव्हा लक्षद्वीपात कुठेच नव्हता. अगत्तीचा झाला तो १९८८ साली. त्यामुळे माणूस, तांदूळ, रॉकेल, औषध, लेजरच्या वह्या आणि टपाल, सारे एकाच दाराने यायचे. ते दार म्हणजे कोचीहून येणारे जहाज.

कोकणातल्या माणसाला हे नवे वाटू नये. माझ्या आजीच्या काळी आमच्याकडेही मुंबईची आगबोट हेच दार होते. मेअखेर बोटी बंद व्हायच्या आणि पावसाळा उलटेपर्यंत बंदर ओस पडायचे. मुंबईच्या मनीऑर्डरवर चालणारी घरे तेवढे महिने घाटावरून फिरून येणाऱ्या टपालावर जीव धरून राहायची. १७ जुलै १९४७ ला 'रामदास' बोट बुडाली, गटारी अमावास्येच्या दिवशी, रेवसला जाताना. सहाशेहून अधिक माणसे गेली. आजी त्यानंतर बोट उशिरा आली म्हणून कुरकुरणाऱ्यावर डोळे वटारायची. म्हणायची, ''न सुटलेली बोट बुडत नाही.'' हे वाक्य मिनिकॉयला मला पुष्कळदा आठवले. पण आठवले म्हणून राग गेला असे नाही.

कारण तेथला प्रकार आणखी वेगळा. जहाज सुटायचे, यायचे, समोर दिसायचे आणि तरी टपाल मिळायचे नाही!

हे कसे ते नीट सांगायला हवे. बेटाच्या पश्चिमेला मोठा लगून आहे, हिरवट निळ्या पाण्याचा, शांत. त्याच्या बाहेरच्या कडेने प्रवाळाचा बांध. बांधापलीकडे समुद्र एकदम खोल. जहाज बांधाबाहेर उभे राहते. आतून लहान बोटी बांधातल्या फटीतून बाहेर जायच्या, जहाजाला लागायच्या आणि माणसे, पोती, टपालाच्या पिशव्या उतरवून घ्यायच्या. ऑक्टोबर ते एप्रिल हे काम म्हणजे करमणूक. पावसाळ्यात मात्र नैर्ऋत्येचा वारा नेमका त्या बांधावर येऊन आदळतो. फटीत लाट फुटते. एखादे दिवशी वारा पडलेला असतो, ऊनही पडते आणि तुम्ही म्हणता, आज काय हरकत आहे? पण दूर कुठे तरी, शेकडो मैलांवर उठलेली लांबलचक लाट तेवढ्यात येऊन पोचलेली असते. जहाजाला लागलेली बोट एका क्षणी त्याच्या कठड्याच्या उंचीला येते आणि दुसऱ्या क्षणी दोन पुरुष खाली जाते. दोरीच्या शिडीवर पाय ठेवायचा तो या दोहोंच्या मधे. कधी कधी जहाज वळसा घालून पूर्वेकडे यायचे. तिकडे बेटाचाच थोडा आडोसा. पण आडोसा असला तरी किनाऱ्याशी खडक आहेतच.

म्हणजे ४०० किलोमीटर जहाज बिनतक्रार कापते आणि अडते ते शेवटच्या अर्ध्या मैलावर. कप्तान दोन-तीन तास पाहतो आणि भोंगा देऊन निघून जातो. आपली पिशवी त्याच्या पोटात. ती पुढच्या बेटावर जाते, तेथून परत कोचीला जाते आणि पुढच्या फेरीला पुन्हा निघते. कोचीच्या टपाल कचेरीला वाटते पिशवी गेली. बेटाच्या टपाल कचेरीला माहीत असते ती आलेली नाही. आमचे पोस्टमास्तर पालघाटकडचे, विनोदी गृहस्थ. ते म्हणत, ''सर, आपली पत्रं आपल्यापेक्षा जास्त प्रवास करतात. त्यांना भत्ता द्यायला हवा.''

पत्रव्यवहार करणाऱ्यांनी यावर आपापले उपाय काढले होते. माझी पत्नी माहेरी पुण्यात होती. ती पत्राच्या कोपऱ्यात अनुक्रमांक घालायची. एकदा ११, १२, १४ आणि १५ एकदम आली. चौदात लिहिले होते, 'मागच्या पत्रात लिहिले त्याबद्दल मनात काही ठेवू नका.' तेरा नंबर तीन आठवड्यांनी आले. मी ते फोडावे की नाही याचा एक दिवस विचार केला आणि फोडले. असो.

मिनिकॉयचे पुरुष पिढ्यान्पिढ्या खलाशी. कोलकात्याच्या नि मुंबईच्या गोदीतून परदेशी जहाजांवर चढायचे ते वर्ष-दीड वर्षाने परतायचे. आपल्या रत्नागिरी-राजापूरकडच्या खलाश्यांची घरे आठवा, तशीच ही घरे. माझ्या शाखेतल्या बऱ्याच ठेवी त्यांच्या. एक म्हातारे निवृत्त सारंग मी मुंबईकडचा कळल्यावर रोज येऊन बसायचे आणि मस्जिद बंदर, डोंगरी, बॅलार्ड पिअर असे एकेक नाव माझ्यापुढे ठेवायचे, जपमाळेतले मणी सरकवावेत तसे. पुरुष दर्यावर, म्हणून घरचा कारभार बायकांच्या हाती. बँकेत येणाऱ्याही त्याच. पैसे घेताना डोळा न हलवता मोजायच्या.

त्या वर्षी रमजान आणि पावसाळा एकाच वेळी आले. जूनच्या १५ तारखेला, शनिवारी, सकाळी जहाज दिसले. ईद आठवड्यावर आलेली. अर्धे गाव किनाऱ्यावर. उपास धरलेली माणसे नारळीखाली बसून जहाजाकडे पाहत होती. दोन बोटी फटीपर्यंत गेल्या. पहिलीने तोंड बाहेर काढले मात्र, लाटेने तिला उचलून आत फेकले. वल्हेकऱ्यांनी ती सावरली, हे नशीब. अकराच्या सुमारास भोंगा झाला. कोणी ओरडले नाही की शिव्या दिल्या नाहीत. माणसे उठली, मागची वाळू झटकली आणि घरी गेली. मीच तेवढा जहाज ठिपका होईपर्यंत उभा होतो.

सोमवारी एक बाई शाखेत आली, बरोबर दहा-बारा वर्षांचा मुलगा दुभाषा. तिच्या हातात तार होती. नवऱ्याने मुंबईहून दोन हजार रुपये तिच्या खात्यावर मेल ट्रान्सफरने भरले होते. तार बिनतारीने आली होती, पैशांचे सूचनापत्र टपालाने निघाले होते, म्हणजे शनिवारच्या जहाजात असणार. मी नियम सांगितला, सूचनापत्र आल्याशिवाय पैसे देता येत नाहीत. मुलाने तिला सांगितले. तिने काही तरी म्हटले. मुलगा जरा चाचरला. मग म्हणाला, ''अम्मा बोलती है, जहाज तो आपने भी देखा.''

याला उत्तर नव्हते. जहाज मीही पाहिले होते. पैसे बांधाबाहेर तीन तास उभे राहून गेले होते.

तिच्या गावाचे प्रमुख, तेथे त्यांना बोडुकाका म्हणतात, दुपारी येऊन दोन शब्द सांगून गेले. मी तिला सस्पेन्स खात्यातून पाचशे रुपये दिले. तिच्या शेजारणीला कळले, तिलाही दिले. ईदपर्यंत अशा अकरा जणी झाल्या. पुढे सगळी सूचनापत्रे आली आणि एक पैसाही बुडाला नाही. पण वर्षअखेरच्या तपासनीसाने अहवालात ओळ लिहिलीच, सूचनापत्र मिळण्यापूर्वी रकमा अदा केल्या, शाखाधिकाऱ्याने खुलासा करावा. मी खुलासा केला, समुद्र खवळलेला होता. त्यावर वरिष्ठ कार्यालयाने लिहिले की हे कारण नियमपुस्तिकेत बसत नाही! माझ्या नोकरीतला तो एकमेव लेखी ठपका. त्याची मला कधी लाज वाटली नाही.

आता दादाच्या पत्राकडे येतो.

आमचे गाव राजापूर तालुक्यातले. वडील गेल्यावर घर आणि जमीन दादा पाहत होता. खाडीकडेला खालचे आगर होते. बावीस माड, दोन ओळी पोफळी आणि आईने लग्न होऊन आल्यावर लावलेला एक फणस. बेटावर निघताना मी दादाला कुलमुखत्यारपत्र करून दिले होते. दोन वर्षे मी असा दूर, सहीवाचून काही अडायला नको, हा साधा विचार. म्हणजे कायद्याने त्याला माझी परवानगी मागायची गरजच नव्हती. त्याने पत्र लिहिले ते मनाने.

पत्रावर गावाकडचा शिक्का ३ जून १९८५ चा. 'चि. भाऊस अनेक आशीर्वाद. सोसायटीचे कर्ज थकले आहे. माजघराचे आढे वाळवीने खाल्ले आहे, यंदाचा पाऊस काढील असे वाटत नाही. खालच्या आगराला मुंबईचे गिऱ्हाईक आले आहे. भाव बरा देतो, पण जूनअखेर त्याला खरेदीखत हवे. आईचे मन होत नाही. ती म्हणते, भाऊला विचार, तो म्हणेल तसे. तरी तुझे मत कळवावे. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास तुझी संमती आहे असे समजतो.'

तार का केली नाही, असे आज कोणीही विचारील. ज्यांनी तो काळ पाहिला ते विचारणार नाहीत. आमच्या गावात तार म्हणजे मरण. तारवाला दिसला की बायका आधी रडायच्या आणि मग तार वाचायला कोणाला तरी बोलवायच्या. आणि आगर, कर्ज, वाळवी आणि आईचे मन हे सारे तारेत मावणार कसे?

पंधरा दिवस १८ जूनला संपले. दादाने २४ तारखेपर्यंत, म्हणजे एकवीस दिवस, वाट पाहिली. मग राजापूरला जाऊन खरेदीखत करून दिले.

ते पत्र १५ जूनला माझ्यापासून अर्ध्या मैलावर होते. मी किनाऱ्यावर उभा राहून ज्या जहाजाकडे पाहत होतो त्याच्याच पोटात. मला मिळाले ४ जुलैला. मागे मिनिकॉयच्या टपाल कचेरीचा शिक्का आहे, आजही वाचता येतो.

आणि त्या गुरुवारी सकाळी मी काय करत होतो? ३० जूनची सहामाही नुकतीच बंद झाली होती. खातेदारांना शिल्लक कळवणारी पत्रे रवाना करायची होती. छापील मजकूर, खाली माझी सही. त्यातले शेवटचे वाक्य असे, की सोबतची स्लिप सही करून पंधरा दिवसांत परत न आल्यास वरील शिल्लक आपणास मान्य आहे असे समजण्यात येईल. मी खलाश्यांच्या नावाने त्या सह्या करत सुटलो होतो. कोणी रॉटरडॅमला, कोणी योकोहामाला, कोणी भर समुद्रात. शंभर-सव्वाशे पत्रे झाली असतील. तेवढ्यात शिपाई टपाल घेऊन आला. मी दादाचे पत्र फोडले, वाचले आणि शेवटच्या ओळीवर थांबलो. मग समोरच्या गठ्ठ्यातले वरचे पत्र उचलून वाचले. नोकरीत पाच वर्षे सही करत असलेले ते वाक्य मी पहिल्यांदाच वाचत होतो.

त्या दिवसाची पत्रे मी पाठवली. न पाठवून सांगतो कोणाला? पण पोस्टमास्तरांकडे जाऊन आधी तार केली, आगर विकू नका, पत्र पाठवत आहे. रात्री बसून पत्र लिहिले. दादा, कर्जाचे मी पाहतो, माझी बचत आहे, बँकेतून उचलही मिळेल, आढेही बदलू, पण आईचे आगर राहू दे. हेच ते निळे पत्र, जे आता टाचणीच्या डागासह परत आले आहे. ते पुढच्या जहाजाने गेले. ते बाहेर पडायलाही नऊ दिवस लागले, कारण परतीचे टपालही त्याच फटीतून जायचे असते.

पुढे खूप वर्षांनी ग्रंथालयात सेंट किल्डा या बेटाविषयी वाचायला मिळाले. स्कॉटलंडच्या पश्चिमेला अटलांटिकमधले एकाकी बेट. हिवाळाभर तेथे बोट लागायची नाही. १८७७ च्या जानेवारीत जॉन सँड्स नावाचा एक पत्रकार तेथे अडकून पडलेला असताना ऑस्ट्रियाचे एक जहाज फुटले. वाचलेले नऊ खलाशी बेटावर आले. आधीच धान्य तुटपुंजे, त्यात नऊ तोंडे वाढली. सँड्सने जहाजाचा लाइफबॉय घेतला, त्याला चिठ्ठी बांधली आणि दिला समुद्रात सोडून. नऊ दिवसांनी तो ऑर्कने बेटांना लागला आणि फेब्रुवारीत 'जॅकल' नावाचे आरमारी जहाज मदतीला आले. त्यानंतर सेंट किल्डाच्या लोकांनी ही रीतच पाडली. लाकडाचा ओंडका नावेसारखा कोरायचा, त्यात पत्र आणि तिकिटापुरते पैसे ठेवून झाकण बसवायचे, मेंढीच्या फुगवलेल्या मूत्राशयाचा तरंगक बांधायचा आणि वारा वायव्येचा झाला की सोडून द्यायचे. ज्याला सापडेल त्याने पत्र टपालात टाकायचे. काही ओंडके स्कॉटलंडला लागत, काही थेट नॉर्वेला. अखेर २९ ऑगस्ट १९३० रोजी उरलेली ३६ माणसे बेट सोडून गेली. त्यांनीच तशी विनंती केली होती.

वाचताना मला गंमत वाटली ती एवढीच, की त्या लोकांनी समुद्रावर पंधरा दिवसांची मुदत घातली नव्हती.

त्या वर्षी डिसेंबरात मला रजा मिळाली. घरी पोचलो तो माजघराला नवे आढे घातलेले. जेवणे झाली. दादा पडवीत अडकित्त्याने सुपारी कातरत बसला होता. आई माझ्या शेजारी येऊन बसली. थोडा वेळ इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या आणि मग तिने हळूच विचारले, ''तू का नाही लिहिलंस रे?''

मी दादाकडे पाहिले. अडकित्ता थांबला होता. तेव्हा माझ्या लक्षात आले, की तार आणि पत्र आल्याचे त्याने तिला सांगितलेलेच नाही. सांगून उपयोग काय होता? जमीन गेली होती. तिला एवढेच कळले असते, की भाऊ नको म्हणत होता आणि दादाने विकली. उरलेला जन्म तिने त्याच्याच हातचे जेवायचे होते.

''बोट आली नाही, आई,'' मी म्हटले. ''पत्रच उशिरा मिळालं.''

''मग काय बाबा,'' ती म्हणाली. ''बोट यायची तेव्हाच यायची.'' तिच्या लहानपणी बंदरावर बोटीची वाट पाहिलेली ती बाई. तिला पटले असावे. निदान तिने पुन्हा कधी विचारले नाही. १९९३ साली ती गेली.

आज लक्षद्वीपात समुद्राखालून तारा गेल्या आहेत. कोचीपासून बेटांपर्यंतच्या त्या केबलचे उद्घाटन जानेवारी २०२४ मध्ये झाले. आपल्याकडची तारसेवा तर २०१३ सालीच बंद पडली. मिनिकॉयच्या त्या बाईचा मुलगा आता पन्नाशीचा असेल आणि दर्यावरच्या कोणाशी तरी रोज बोलत असेल. पण पावसाळ्यात माणसे आणि सामान उतरवणे आजही लाटेच्या मर्जीवर अवलंबून असते. लाटेपुढे केबल काय करणार?

रजा संपायच्या आदल्या दिवशी दादा नि मी सकाळी खाडीकडे गेलो होतो. आगराला नव्या मालकाने काटेरी तार घातली होती. आत कोणी नव्हते. फणसाला कोवळ्या कुयऱ्या धरल्या होत्या. दादा तारेला हात लावून उभा राहिला. परत फिरताना, माझ्याकडे न पाहता, तो म्हणाला, ''तुझी तार सहा जुलैला आली. आईला सांगायचं असेल तर सांग.''

मी काहीच बोललो नाही. आम्ही घरी आलो.